मंगलच्या कपाळावरचं लाकूड

चिखलीला कुणी फिरायला जात नाही. मी गेले. गडहिंग्लजच्या स्टँडवर आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या, म्हणाल्या, "कुठं निघालीस गं? महाबळेश्वर?" म्हटलं, "नाही, पिंपरी-चिंचवड. चिखलीला." लगेच आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे का?" त्यांचंही चुकलं नाही. आमच्याकडचा माणूस तिकडं जातो तो नोकरीला, नाहीतर नोकरीला गेलेल्या पोराचा संसार लावून द्यायला. हौसेनं कोण जातंय!

मी मात्र हौसेनं गेले आणि चार दिवसांत तिथं एक गोष्ट मोडून आले. पुन्हा घडवता येणार नाही अशी. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलेय. मधे रस्ते, जेवणखाण, माणसं येतील, कारण तीही होती. पण ही मजेची सफर नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

गुरुवार, चिखली

रिक्षावाल्याला म्हटलं, शालनताईंच्या शेडवर सोड. तो म्हणाला, "मावशी, कुठली शेड? इथं शेडच शेड हायेत." खरंच होत्या. एका पत्र्याखाली काहीतरी घासत होते, दुसऱ्याखाली काहीतरी रंगवत होते, तिसऱ्यासमोर लोखंडाच्या कातरणाचे ढीग, आणि त्यांच्या मधून अचानक दहा मजली इमारत, तिच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी. तीन शेडांत डोकावून, एका उघड्या गटारात चप्पल बुडवून मी शेवटी शालनच्या दारात पोचले. तिनं पायाकडं बघितलं, म्हणाली, "आलीस का माप ओलांडून!"

शालन आणि मी कोल्हापूरला कला महाविद्यालयात एका बाकावर होतो. आमचा दोघींचा जीव एकाच गोष्टीवर, लाकूड कोरून छापायच्या चित्रांवर. वुडकट म्हणतात त्याला. फळीवर चित्र काढायचं. कागदावर जे पांढरं हवं ते कोरणीनं खोदून काढायचं, काळं हवं ते उभं ठेवायचं. मग शाईचा रोलर फिरवायचा, वर कागद, कागदावर दाब. ऐकायला सोपं आहे. पण एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून शंभरातले नव्व्याण्णव जण हे सोडून देतात. मीही सोडलं. शाळेत नोकरी धरली, जन्मभर पोरांकडून सफरचंद आणि सूर्योदय काढून घेतले. शालननं सोडलं नाही. नवऱ्याच्या कंपनीमागं ती इकडं आली आणि पत्र्याच्या शेडमध्ये छापत बसली. तिचं छपाईचं यंत्र भोसरीच्या एका लेथवाल्यानं कुठल्याशा मशिनच्या बाद रोलरपासून बनवून दिलंय. दिसायला उसाच्या चरकासारखं आहे, पण दाब कसा एकसारखा पडतो!

तिनं मला बोलावलं होतं ते दिगंबरसाठी.

दिगंबर हा चाकणचा सुतार. गाड्यांचे भाग परदेशी जातात त्यांच्या लाकडी पेट्या बनवायचा. मूळचा अहमदपूरकडचा. शालन त्याच्याकडून पाइनच्या उरलेल्या फळ्या आणायची. एकदा फळ्या द्यायला आला आणि तिला कोरताना बघत उभा राहिला. थोड्या वेळानं तिच्या हातातली कोरणी काढून घेऊन म्हणाला, "ताई, हिला धार न्हाई." धार लावून दिली, आणि मग दर रविवारी येत राहिला. चार वर्षांत त्यानं अशी चित्रं कोरली की शालन म्हणते, मला त्याच्या शेजारी बसून कोरायची लाज वाटायची. दिवसभर पेट्या ठोकणारा माणूस. त्याच्या चित्रांत पेट्या, पेट्यांवर झोपलेली माणसं, डबा खाणारे हात, शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधे एकमेकांच्या खांद्यावर पडलेली डोकी.

दोन महिन्यांपूर्वी तो गेला. पेट्यांची थप्पी अंगावर आली.

त्यानं शेवटची कोरलेली फळी शालननं भिंतीला टेकवून ठेवली होती. वरच्या अर्ध्यात खोलीचं दार आणि दोरीवरचे कपडे, खालच्या अर्ध्यात एका बाईचा मोठा चेहरा, हनुवटी कडेला टेकलेली. त्याची बायको, मंगल. कपाळ पूर्ण कोरून मोकळं केलेलं, आणि त्या मोकळ्या कपाळात, फळीच्या अगदी मधोमध, मसुरीएवढं गोल लाकूड उभं सोडलेलं. ते कुंकू. ज्यानं कधी लाकूड कोरलंय त्यालाच कळेल ते काय काम आहे. चारी बाजूंनी सगळं काढून टाकायचं आणि मधला एवढासा दाणा हलू द्यायचा नाही. मी तर बघतच राहिले.

"एकही प्रत काढली नव्हती त्यानं," शालन म्हणाली. "पुण्यात प्रदर्शन आहे. बारा काढू. माझ्या एकटीच्यानं होणार नाही, म्हणून तुला बोलावलं."

शुक्रवार, चाकण

शेडचा मालक तात्या. जुन्या चिखलीतला, सात पिढ्या तिथंच. शेड, खोल्या, एक टेम्पो, एक जुनी जीप. त्यानंच आम्हाला चाकणला नेलं. दिगंबरनं शालनसाठी बाजूला काढलेल्या दोन फळ्या तिथं पडून होत्या, त्या आणायच्या होत्या.

वाटेत मोशीला इंद्रायणी लागली. पुलावरून मला वाटलं पाण्यावर कापूस सांडलाय. तात्या म्हणाला, "फेस हाय तो. आमी ह्या पाण्यात पवलोय, ताई. म्हशी धुतल्यात. आता हात घातला तर खाज सुटती." पुढं बोट करून म्हणाला, "हितं आमची जवारी व्हायची. माणूस बुडंल एवढी." बोट केलं तिथं टायरांचं गोदाम होतं. मी विचारलं, वाईट वाटत असेल ना? तो म्हणाला, "वाटतंय की. पर जमीन आमीच इकली. कुनी वढून न्हाई न्हेली." आमच्याकडं असा प्रामाणिकपणा दिसत नाही. आमच्याकडं जमीन विकणारा प्रत्येकजण फसवला गेलेला असतो.

चाकणचा तो रस्ता मी सांगत नाही. ट्रक होते, ट्रकच्या मागं ट्रक होते. दोन तास लागले.

लाकडाच्या यार्डात पाइनचा वास इतका गोड होता, की मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पेट्यांच्या थप्प्या दोन माणसं उंच. खाली दहा-बारा जण खिळे ठोकत होते, एकानंही मान वर केली नाही. सुपरवायझर पोरगेलासा होता, हातात मोबाईल. "मॅडम, व्हिडिओ काढू नका हं," हे त्याचं पहिलं वाक्य. शालननं दिगंबरचं नाव घेतल्यावर तो थोडा मवाळ झाला. म्हणाला, "चांगला माणूस होता. फोर्कलिफ्टचा धक्का लागला थप्पीला. मी डबा खायला गेलो होतो."

"कुठं झालं?" मी विचारलं. मला असल्या ठिकाणी गप्प बसता येत नाही.

त्यानं हनुवटीनं दाखवलं. तिथं नवी थप्पी होती. तेवढीच उंच. तिच्या सावलीत एक माणूस पाय पसरून पाणी पीत होता. मला इतका संताप आला की मी म्हटलं, "अरे, निदान ही तरी कमी करा!" सुपरवायझर म्हणाला, "जागाच नाही मॅडम, काय करणार." तात्यानं माझा दंड धरून मला जीपकडं आणलं. फळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांवर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ताई'. शालन त्या उचलताना रडली. मी नाही रडले. मी तणतणत होते.

दुपारी तात्याच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडं ज्वारीची भाकरी आणि लाल चटणी. बाजरी मला उष्ण पडते, पण तात्याच्या बायकोनं ताटात भाकरी वाढली की नको म्हणायची सोयच नाही. "खावा हो, गाडीत बसून काय पोट भरतंय व्हय?" त्या घराच्या सोप्यात टीव्ही भिंतीएवढा आणि दाराशी नांगराचा फाळ, शोभेचा, वार्निश मारलेला.

संध्याकाळी शेडवर मंगल आली.

तिशीतली असेल. अंगावर कंपनीचा निळा कोट, कॅन्टीनमधे पोळ्या लाटायचं काम. कपाळ मोकळं. भिंतीवर दिगंबरची जुनी छापलेली चित्रं टांगलेली होती, तिकडं तिनं बघितलंही नाही. सरळ फळीपाशी गेली, खाली बसली आणि उजव्या हाताचं मधलं बोट कपाळावरच्या त्या दाण्यावर ठेवलं.

"रविवारी गावाकडं जायलेव ताई," ती शालनला म्हणाली. "सासूबाई बोलवायल्यात. दीर टेम्पो घेऊन येतो म्हणला. पोरीची शाळाबी तिकडंच घालायचीय."

"तुझं मन आहे का?"

"मनाचं कोन इचारतंय?" मग तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. मी मोठी टिकली लावते. "तुमचे मालक हायेत का, मावशी?"

"नाहीत. आठ वर्षं झाली."

"आन तुम्ही लावता!"

"लावते. कुणी बोललं तर बोलू दे."

"तुम्ही मास्तरीण. तुम्हाला कोन बोलनार?" तिच्या बोलण्यात हेवा नव्हता, असलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाली. "माझं तेराव्याच्या आतच काढलं. चार बाया आल्या, धरून बसवलं, पुसलं. बांगड्या फोडल्या. मी म्हनलं, मी पुन्याला ऱ्हाते, तिथं कुनी असं करत न्हाई. म्हनल्या, रीत हाय." बोट अजून त्या दाण्यावरच होतं. "हे बगा. हे त्यांनी लाकडात कोरलंय. हे कुनाच्या बापाला पुसता यायचं न्हाई."

शालन म्हणाली, "रविवारी ये न्यायला. तयार ठेवते."

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. वाचणाऱ्याला कळलं असेल तिला काय न्यायचं होतं. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात चित्र म्हणजे कागद. फळी म्हणजे हत्यार, छापून झालं की तिचं काम संपलं. जन्मभर हेच शिकलेली मी. मला वाटलं, बाईला पहिली प्रत द्यायची आहे. मनात ठरवूनही टाकलं, की सगळ्यात चांगली उठेल ती हिला देऊ.

शनिवार, शेड

सकाळी सातला सुरुवात केली. शेजारच्या शेडमधलं घासणं सुरू व्हायच्या आत दोन कच्च्या प्रती काढल्या. एकीत केसांच्या रेघा शाईनं भरून गेल्या, दुसरीत गालावर डाग. मग दाब जमला.

मला इतकं सुख कित्येक वर्षांत झालं नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे. शालन रोलर फिरवायची, मी कागद ठेवायची, ती चाक ओढायची, मी दोन कोपरे चिमटीत धरून कागद उचलायची. प्रत्येक वेळी मंगल वर यायची. पाइनच्या रेषा तिच्या गालावरून उभ्या गेलेल्या, डोळ्यांखाली सुरीनं ओढल्यासारख्या दोन चिरा, आणि कपाळात तो काळा ठिपका. आम्ही विशीतल्या पोरींसारख्या एकमेकींवर खेकसत होतो. "अगं शाई जाड झाली!" "तू तुझा कागद बघ गं, म्हातारे!" माझ्या साडीला, कोपराला, नाकाला शाई. बारा प्रती उठल्या. अकरा उत्तम, एक बरी.

शालननं पेन्सिलीनं नंबर घातले. सही करणारा नव्हता. तिनं त्याचं नाव लिहिलं आणि पुढं 'मरणोत्तर'. मग म्हणाली, "चहा टाकते," आणि मागच्या मोरीजवळ गेली.

इथं मला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बारा म्हटलं की बारा. बारावी प्रत निघाली की फळी रद्द करायची. कोरणी घ्यायची आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आडवीतिडवी रेघ ओढायची, म्हणजे पुन्हा कुणी चोरून छापलं तर रेघ कागदावर येते. आमचे सर याबाबतीत कर्दनकाळ होते. रद्द न केलेली फळी वर्गात सापडली तर ती पोराच्या डोक्यात घालायचे. फळी रद्द केल्याशिवाय त्यांनी आम्हाला कधी हात धुवू दिले नाहीत.

चहाचा वास आला. माझे हात काळे होते. समोर फळी होती, शेजारी कोरणी होती. मी कोरणी उचलली, डाव्या हातानं फळी दाबून धरली आणि वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात रेघ ओढली. मनात काय होतं म्हणून विचाराल, तर काहीच नव्हतं. हात धुवायचे होते. पाइन मऊ लाकूड, कोरणी लोण्यातून गेल्यासारखी गेली. दोरीवरच्या कपड्यांतून, केसांतून, कपाळातून. मधे कुठं तरी टक् झालं. गालातून ती खाली बाहेर पडली.

दुसरी रेघ ओढायला मी फळी फिरवली, आणि शालन किंचाळली.

चहाचे कप तिनं टाकले नाहीत, नीट खाली ठेवले. मग आली आणि माझ्या मनगटावर फटका मारला. मारलाच तिनं. "काय केलंस? उषे, काय केलंस हे?"

मी म्हटलं, "रद्द केली. अगं, बारा झाल्या ना."

"तिची आहे ती! उद्या न्यायला येणार आहे ती! काल तुझ्यासमोर बोलली की गं, भवाने!"

मग मी फळीकडं बघितलं. कपाळात दाणा नव्हता. तिथं खरवडलेलं ताजं पिवळं लाकूड होतं. मी खाली बसले. कपाळ माझं! आठ वर्षं ताठ मानेनं टिकली लावून हिंडणारी बाई मी, आणि चार बायांनी जे केलं ते पाचवीनं पुरं केलं. त्या निदान ठरवून आल्या होत्या. मी चहा होईपर्यंत केलं.

"तुकडा शोध," शालन म्हणाली.

दोघी साठीच्या बाया, गुडघ्यांवर बसून भुसा चाळत होतो. शेडभर आठवडाभराच्या कपच्या पडलेल्या. शालननं पिठाची चाळणी आणली. चाळणीवर कपच्या घ्यायच्या, एकेक निवडायची, तांदळातले खडे निवडतात तशा. मसुरीएवढ्या गोल कपच्या चार सापडल्या. चारीपैकी एकीच्या माथ्यावर शाई होती. आम्ही ती कपाळावर ठेवून बघितली. बसेना. फिरवून बघितली. बसेना. ती दुसऱ्याच कुठल्या फळीची होती. खरा दाणा कोरणीखाली चुरा झाला असेल, किंवा माझ्या साडीच्या निऱ्यांतून गटारात गेला असेल. दुपारभर शोधला. चहा तसाच राहिला.

शेवटी शालननं दिगंबरनं ठेवलेल्या फळीचा तुकडा कापला, कानशीनं घासून गोल केला, सुताराच्या डिंकानं कपाळावर बसवला. रेघेत भुसा आणि डिंक भरला, वाळल्यावर घासली, वरून शाईचा हात मारला. काळ्या फळीवर काळी रेघ. दोन हातांवरून बघितलं तर कळत नव्हतं. माझी मैत्रीण मोठी कारागीर आहे.

"तिला सांगायचं नाही," ती म्हणाली. "गावाला जाईल, ट्रंकेत ठेवेल. कशाला तिच्या जिवाला घोर?"

मी हो म्हटलं. मला ते फार सोयीचं होतं.

रविवार

मंगल दहाला आली. दिराचा टेम्पो बाहेर रस्त्यावर उभा, त्यात गॅसची शेगडी, दोन पोती, पलंगाच्या पट्ट्या, आणि पुढं दिराच्या शेजारी तिची मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसलेली. दीर खाली उतरला नाही. हॉर्न वाजवला तेवढा एकदा.

शालननं फळी जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवली होती. पहिली प्रत वेगळी, पुठ्ठ्यात. मंगलनं पुठ्ठा बाजूला ठेवला. "हे ऱ्हाऊ द्या ताई, तिकडं लावायला देनार न्हाईत." गुंडाळी हातात घेतली. शालन घाईघाईनं म्हणाली, "तशीच ने गं, धूळ बसेल." पण मंगल खाली बसली आणि तिनं साडी उलगडली.

तिनं मधलं बोट कपाळावर नेलं.

बोट त्या दाण्यावर आलं, थांबलं, त्याच्याभोवती फिरलं. मग तिरकं खाली गेलं, गालावरून, आम्ही भुसा भरला होता त्याच वाटेनं. डोळ्यांना जी रेघ कळत नव्हती ती तिच्या बोटाला पहिल्या झटक्यात कळली. तिनं मान वर केली, शालनकडं बघितलं. शालननं तोंड फिरवलं.

मग माझ्याच्यानं राहवेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मंगल, ते मोडलं. माझ्या हातून. काल छापून झाल्यावर मी रेघ मारली. हे वर बसवलंय ते नवीन आहे, शालननं बसवलंय."

"कामून मारली?"

"आमच्यात तशी रीत आहे. छापून झालं की फळीवर रेघ मारायची."

"मी परवा तुमच्यासमोर सांगितलं की, मावशी. हे कुनाला पुसता यायचं न्हाई म्हनून."

"सांगितलंस. ऐकलं मी."

"मग?"

जित्याची खोड. मी म्हटलं, "डोक्यात आलं नाही गं. सवयीनं हात गेला." आणि मला रडू फुटलं. चाकणला आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार होता? तरी आलं.

ती रडली नाही. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"त्या बायाबी असंच म्हनल्या मला," ती म्हणाली. "त्यांच्यातली एक तर माझी सख्खी मावशी व्हती. तीबी रडायली व्हती पुसताना. रीत हाय म्हनली, मी काय करू."

शालन म्हणाली, "मंगल, मी घट्ट बसवलंय. निघणार नाही. अगदी त्यानं केलं होतं तेवढंच केलंय."

मंगलनं फळी मांडीवर घेतली. चेहरा फळीवर उलटा असतो, आरशात दिसतो तसा. त्या चेहऱ्याकडं तिनं आरशात बघावं तसं बघितलं. मग अंगठ्याचं नख दाण्याखाली घातलं. डिंक आतून अजून ओला असावा. दोनदा नख लावल्यावर दाणा निघाला. तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

"त्यांच्या हातचं गेलं, मावशी. दुसऱ्याच्या हातचं नको मला."

फळी तिनं पुन्हा साडीत गुंडाळली, कडेवर मूल घ्यावं तशी घेतली, आणि शालनला वाकून नमस्कार केला. मला केला नाही. टेम्पोत मुलगी सरकून बसली, मंगल चढली, आणि दिरानं गाडी सुरू केली.